कन्नडातला सहा

मळमड्डी, धारवाड
गुरुवार, दुपार

प्रिय श्रीहर्ष,

घरात फोन असताना हेमाक्का पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. फोन आहे, तुझा नंबरही आहे. पण मी फोन केला की तू म्हणतोस, अक्का, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो. आणि ती संध्याकाळ बेंगळुरात काही होत नाही. तीन वर्षं मी वाट पाहिली, आता मात्र थांबायला वेळ नाही. कागदाचं बरं असतं, तो मीटिंगच्या दाराबाहेर बसून राहतो. कुरिअरवाल्याने उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल असं सांगितलं आहे. 'प्रिय' लिहू की नको, यात माझा अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, कारण तू प्रिय होतास हे खोटं नव्हतं, आणि खोटं लिहिण्याचं काम आपल्या दोघांत एकानेच केलेलं बरं.

आधी घरचं सांगते. तुझी माडीवरची खोली आता दोन मुलींना दिली आहे. कायद्याच्या अभ्यासाला आल्या आहेत, आणि तुझ्यासारख्याच त्याही ओले टॉवेल कठड्यावर टाकून जातात. अण्णांची स्कूटर अंगणात नुसती उभी आहे, कारण अण्णांना ती चालवता येत नाही. त्यांच्या डाव्या टाचेला जखम झाली आहे. नवी चप्पल चावली एवढंच निमित्त. पण साखरेचा आजार जुना, त्याला एवढं पुरतं. दोन महिने झाले, जखम हाडापर्यंत गेली आहे. हुबळीच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सोनाबाई रोज सकाळी कमरीपेठेतून येतात, पट्टी सोडतात, डोळे बारीक करून बघतात आणि रोज तेच म्हणतात, इन्नू आरिल्ल री. म्हणजे अजून वाळली नाही. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, गुडघ्याखालून पाय काढायचा. दुसरी, त्यांच्याकडे एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू होतो आहे, त्यात नाव घालायचं. अण्णांनी दुसरी धरली. येत्या सोमवारी सकाळी सही करायची आणि दुपारी पहिली गोळी घ्यायची, असं ठरलं आहे. तुला हे नवीन नसेल, कारण त्या अभ्यासाच्या माहितीपत्रकावर सल्लागार म्हणून तुझं नाव आहे.

पट्टीवरून आठवलं. अण्णांच्या पायाचा अंगठा काढला ते वर्ष तू विसरला नसशील. माझं आयुष्य जंतू वाढवण्यात आणि मारण्यात गेलं, पण नवऱ्याच्या पायाला पट्टी बांधायची म्हटलं की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. ते काम तू आपण होऊन घेतलंस. अण्णा पाटावर पाय ठेवून बसायचे, तू समोर मांडी घालून. पट्टीचे वेढे तू मोजून घालायचास आणि तेही कन्नडात, कारण अण्णांचं म्हणणं असं की बोलणं मराठीत, पण मोजणी कन्नडात. ती चुकत नाही. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु. सहावा वेढा पडला की गाठ. तू 'आरु' म्हटलंस की अण्णा वरून म्हणायचे, 'आरलि.' आरु म्हणजे सहा, आणि जखम वाळणं, भरून येणं, तेही आरु. आरलि म्हणजे वाळू दे. पहिल्या दिवशी त्यांनी ते नुसतं गमतीने म्हटलं होतं. मग ती रीत झाली, जेवणाआधी चित्राहुती घालावी तशी. एखाद्या दिवशी तू घाईत मोजायचा राहिलास तर अण्णा पाय मागे घ्यायचे, पहिल्यापासून बांध म्हणायचे. चाळीस दिवसांत अंगठ्याची जागा भरून आली. अण्णा आजही सांगतात, औषधाने नव्हे, त्या पोराच्या हाताने भरली.

तू माझ्या कॉलेजात शिकायला म्हणून आमच्याकडे आलास तो विद्यानगरच्या इंग्रजी शाळेत शिकून. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि दोन्हींतलं हाताने लिहिलेलं काही पुढे आलं की घाम फुटायचा. बसची पाटी तेवढी वाचायचास. किराणावाल्याची चिठ्ठीसुद्धा माझ्यापुढे धरून विचारायचास, अक्का, हे काय आहे? मी हसायचे. पण विचारायचास, ते मला आवडायचं. ज्याला विचारायची लाज नाही तो शिकतो, असं मी अण्णांना म्हणालेही होते. सात वर्षं माडीवर राहिलास. सकाळी भाकरी आणि शेंगाचटणी, त्यावर तेलाची धार जरा जास्तच, आणि कॉलेजातून आलो की आपली भांडणं: प्रयोग कुणाचा आधी, यंत्र कुणाला आधी. आम्हाला मूल नाही. याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही, तुझ्याशीही नाही. पण शेजारच्या बायका, तुमचा मुलगा आला बघा, असं म्हणायच्या आणि मी त्यांना दुरुस्त करत नव्हते. बेंगळुरूच्या मुलाखतीला तुझ्याकडे धड कोट नव्हता, तेव्हा अण्णांनी रेल्वेतल्या निरोपसमारंभासाठी शिवलेला राखी लोकरी कोट काढून दिला. खांद्यात सैल होता, मी एक दुपार बसून टाके घातले. तो कोट परत आला नाही. मी एकदोनदा विषय काढला तर अण्णा म्हणाले, असू दे, त्याला शोभतो.

आता थोडा धडा. तुला त्याची गरज नाही, पण या पत्राची एक प्रत मी ठेवणार आहे, आणि ती कुणा तिसऱ्याच्या हाती पडली तर त्याला सगळं कळायला हवं. जंतूच्या अंगाभोवती मेदाचा पातळ पडदा असतो. पडदा गेला की जंतू गेला. या नव्या गोळीची युक्ती अशी की जंतूला स्वतःचा मेद बनवूच द्यायचा नाही. बाटलीतल्या साध्या खाद्यात ही युक्ती फक्कड चालते. पण माणसाच्या अंगात जंतूला काय कमी? रक्तातून मेद वाहतच असतो. जखमेतला हा जंतू, ज्याला सगळे स्टॅफ म्हणतात, यजमानाच्या रक्तातला मेद उचलतो आणि आपल्या पडद्यात बसवतो. गोळी बापडी त्याच्या चुलीवर पाणी ओतत बसते, आणि हा शेजारी जेवून येतो. मग चोरी ओळखायची कशी? मेदाम्लं काही सरळ असतात, काही मध्येच वाकलेली. आपल्या शेंगतेलात भरपूर असतं ते ऑलिक आम्ल वाकडं. या जंतूला वाकडं मेदाम्ल बनवताच येत नाही, त्याच्याकडे ती कलाच नाही. त्यामुळे त्याच्या पडद्यात वाकडं सापडलं की तो माल बाहेरचा, साक्षीदार लागत नाही. हे मी तुला पहिल्या वर्षी फळ्यावर काढून दाखवलं होतं. तू म्हणाला होतास, अक्का, हा तर मुद्देमालासकट सापडला. पुढे कित्येक वर्षं वर्गात मी तुझं ते वाक्य वापरलं, आणि दर वेळी तुझं नाव घेऊन.

मी ज्या जंतूवर काम करत होते तो नागोजीचा. तुला तो आठवत असेल, अळणावरकडच्या खेड्यातला, रानात लाकडं तोडायला जाणारा. टाचेचं हाड दोन वर्षं वाहत होतं. जंतूला मी त्याचंच नाव ठेवलं आणि त्याला तसं सांगितलं तेव्हा तो लाजला. मग दर खेपेला विचारायचा, अक्का, माझा जंतू काय म्हणतो? जंतू काय म्हणतो ते कळायला मला तीन वर्षं लागली. तू तेव्हा तुझ्या प्रबंधाच्या मागे होतास, तुझा विषय वेगळा. या बाटल्या माझ्या. तीन बाटल्या, तिन्हींत गोळीतलं औषध आणि तिन्हींत माणसाच्या रक्ताचं सीरम. पाच दिवस बाटल्या स्वच्छ. सहाव्या दिवशी सकाळी तिन्ही गढूळ. ते जंतू बर्फाच्या डब्यात घालून मी चिगरी बसने हुबळीला घेऊन गेले, कारण मेद मोजायचं यंत्र तिथल्या कॉलेजात होतं. डबा मांडीवर घेऊन बसले होते, तर शेजारची बाई नाक मुरडून विचारते, मासे का? जंतूंच्या पडद्यात छत्तीस टक्के वाकडं मेदाम्ल निघालं. मी सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. तिन्ही वेळा सहावाच दिवस. म्हणजे त्याच्या आत दुसरं औषध जोडलं तर जंतू अडकतो; त्यानंतर जोडलं तर त्याने चोरीचा पडदा पांघरलेला असतो आणि मग तो हाडात वर्षानुवर्षं ठाण मांडतो. आयुष्यात मी शोधून काढलेली ही एवढी एक गोष्ट. नागोजीचा पाय तोवर गेला होता आणि वर्षभराने नागोजीही गेला, पण हे त्याच्याकडून मिळालं.

माझी लिहिण्याची पद्धत तुला ठाऊक आहे, तू तिला हसायचास. प्रयोगशाळेत कच्ची वही, घरी पक्की. कच्चीत मजकूर मराठीत आणि आकडे कन्नडात, कारण पाढे मी कन्नड शाळेत शिकले आणि आकडा म्हटला की हात अजून त्याच वळणाने जातो. शनिवारी बसून सगळं पक्क्या वहीत इंग्रजी आकड्यांनी उतरवायचं. नेमका हाच प्रयोग उतरवायचा राहिला, कारण अण्णांचा अंगठा त्याच महिन्यात गेला. ती चूक माझी, आणि मी ती कबूल करते. पुढच्या वर्षी तू बेंगळुरूला निघालास तेव्हा म्हणालास, अक्का, कच्ची वही द्या, टाइप करून पाठवतो, दोघांच्या नावाने छापू, तुमचं आधी. मी वही दिली. महिन्याभराने ती कुरिअरने परत आली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, आणि आत चिठ्ठी: यात छापण्यासारखं फारसं काही निघेल असं वाटत नाही, पुढे कधीतरी बघू. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. खरं सांगू, मला लाज वाटली. इतकी वर्षं ज्याला मी शोध समजत होते तो छापण्याइतकाही नाही, हे मी अण्णांनासुद्धा सांगितलं नाही. निवृत्तीनंतर नवं काही वाचणंच सोडून दिलं, ते त्या चिठ्ठीमुळे.

गेल्या शनिवारी आम्ही हुबळीला, या गोळीचा अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर अश्विनींकडे गेलो. तिशीतली हुशार, मनमिळाऊ मुलगी आहे. तिने कौतुकाने तुझा लेख पुढे केला. तुमच्याकडचेच ना हे, म्हणाली. दोन वर्षांपूर्वी छापून आलेला लेख. गोळीबरोबरचं दुसरं औषध मूत्रपिंडाला जड आहे, अण्णांचं मूत्रपिंड आधीच थकलेलं, म्हणून ते शक्य तितकं उशिरा द्यायचं. आणि किती उशिरा, ते तुझ्या लेखावरून ठरलं आहे. तुझ्या लेखात जंतू नवव्या दिवशी निसटतो. म्हणून सात दिवस एकटी गोळी, आठव्या दिवशी जोड. अण्णांची छाती अशी फुगली की विचारू नकोस. माहितीपत्रकावर तुझा फोटो होता, राखी कोटातला. अण्णांनी तो अश्विनीला दाखवून सांगितलं, कोट आमचा आहे. मी मात्र लेखावरची नावं बघत होते. माझं नव्हतं. शेवटी आभारांत शोधलं, तिथे यंत्र पुरवणाऱ्यांचे आभार होते. तरी त्या खुर्चीत बसून मी तुझीच बाजू घेतली बघ. मनाशी म्हटलं, याने दुसऱ्या कुणाचा जंतू घेतला असेल, स्वतः नव्याने करून पाहिलं असेल, नवव्या दिवशी वाढ दिसली असेल. माझा सहा, त्याचा नऊ. म्हणजे काम वेगळं. घरी येईपर्यंत बसमध्ये मी हेच घोकत होते.

घरी आल्यावर कच्ची वही काढली. कन्नडातला सहा असा असतो: ೬. आणि नऊ असा: ೯. शेपटीच्या वळणाचा काय तो फरक, आणि माझ्या घाईच्या अक्षरात तोही उरत नाही. मला सहा दिसतो कारण तो मी लिहिला आहे. मग तुझा लेख आणि माझी वही शेजारी ठेवून पेन्सिल घेऊन बसले. वाकडं मेदाम्ल माझ्याकडे छत्तीस टक्के, तुझ्याकडे एकोणचाळीस. बाटल्या हलवण्याचा वेग माझ्याकडे मिनिटाला एकशे साठ, तुझ्याकडे एकशे नव्वद. जिथे जिथे माझा सहा, तिथे तिथे तुझा नऊ. बाकी एकूणएक आकडे बरोबर. नागोजीचं वय छप्पन्न होतं, तू एकोणसाठ केलंस. देवाने दिली नाहीत ती तीन वर्षं तू त्याला देऊन टाकलीस, आणि त्याच्या नावाचं एनजी-वन केलंस. ज्या जंतूला वाकडं बनवता येत नाही त्याच्या अंगात ते सापडलं की काय समजायचं, हे मी तुला शिकवलं आहे. तो नऊ जगातल्या कुठल्याच बाटलीतून निघाला नसता. तो माझ्या हाताच्या वळणातून आणि तुझ्या डोळ्यांतूनच निघू शकत होता. मुद्देमालासकट, श्रीहर्ष. आणि सगळ्यात चीड कशाची येते सांगू? एकदा वही पुढे धरून विचारलं असतंस, अक्का, हे काय आहे, तर मी फोनवर एका शब्दात सांगितलं असतं. पण विचारलं असतंस तर तू काय लिहितो आहेस ते मला कळलं असतं. किराण्याच्या चिठ्ठीला विचारणारा मुलगा एवढ्या मोठ्या गोष्टीला गप्प बसला.

मी फार चिडले आहे आणि ते झाकणार नाही. विश्वास पानिपतात गेला, असं आपण हसत म्हणतो. माझा माझ्याच घराच्या माडीवर गेला. केसाने गळा कापला असं लोक का म्हणतात, तेही आता कळलं. सुरी असती तर दिसली असती. मी तुला जंतू म्हणेन असं तुला वाटत असेल, उपमा तर कोटासकट तयार आहे. पण नाही म्हणणार. जंतू दुसऱ्याचा मेद पांघरतो तो जगण्यासाठी, आणि त्याने कुणाला शब्द दिलेला नसतो. तू दिला होतास. तुमचं नाव आधी, असं आमच्या ओट्यावर उभं राहून म्हणाला होतास, हातात माझीच चटणीची बरणी घेऊन. तुला जगायला माझी वही लागत नव्हती. तू हुशार होतास, तुझं स्वतःचं काम चांगलं होतं, मी ते वाचलं आहे. मागितलं असतंस तर मी सगळं देऊन टाकलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच तू असं का केलंस ते मला कळत नाही.

मंगळवारी सकाळी वही घेऊन एकटीच अश्विनीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, पण म्हणाली, मॅडम, छापलेल्या लेखापुढे हाताने लिहिलेल्या वहीवरून मला वेळापत्रक बदलता येणार नाही. समितीपुढे ठेवावं लागेल आणि समिती महिनाअखेरीस बसते. मात्र लेखकाने स्वतः एक ओळ लिहून पाठवली, की दिवस नववा नव्हे, सहावा, तर ती सोमवारच्या आत दुसरं औषध अलीकडे आणू शकते. तिची अडचण खरी आहे, मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. समितीला आणि तुझा लेख छापणाऱ्यांना मी वहीच्या पानांच्या प्रतींसह कालच कळवलं आहे. तुझ्या पाठीमागे काही करायचं नव्हतं, म्हणून तुला सांगते. पण त्यांचं उत्तर येईपर्यंत अण्णांच्या टाचेतल्या जंतूला सहावा आणि सातवा दिवस मोकळा मिळेल. त्याला तेवढे पुरतात, मी तीनदा पाहिलं आहे. मग पाय गेलाच.

आणि अण्णा थांबायला तयार नाहीत. मंगळवारी संध्याकाळी त्यांच्यापुढे वही ठेवली, लेख ठेवला, सहा आणि नऊ दाखवले, नागोजीचं वय दाखवलं. ते कन्नड माझ्याइतकंच वाचतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत डोळ्यांवर ठेवला नाही. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते कन्नडात शिरतात. नम्म हुडुग हंगल्ल, म्हणाले. आपला पोरगा तसा नाही. मग मराठीत म्हणाले, हेमा, त्या महिन्यात तू घर, दवाखाना, कॉलेज अशी तिन्हीकडे पळत होतीस, तुझ्याच हातून लिहिण्यात काही झालं असेल; त्याचं तर चार लोकांनी तपासून छापलं आहे. एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौतीस वर्षांचा संसार, श्रीहर्ष. माझ्या हातचं ताट डोळे मिटून जेवणारा माणूस माझा आकडा डोळे उघडून बघत नाही. तू माझं काम नेलंस ते मी सोसलं असतं, नाव नेलंस तेही. पण जाताना तू माझ्या माणसाचा माझ्यावरचा भरवसाही घेऊन गेलास, आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

हे पत्र त्यासाठी लिहिलं. माझं नाव घाल म्हणून नाही. ते ज्यांनी बघायचं ते बघतील. क्षमाही मागू नकोस, आत्ता ती माझ्याच्याने घेववणार नाही. फक्त दोन कामं कर. अश्विनीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, तिला शनिवारी ती एक ओळ पाठव. आणि रविवारी सकाळी आठला अण्णांना फोन कर, मीटिंग असली तरी. त्या वेळी सोनाबाई पट्टी बांधत असतात. त्या मोजत नाहीत, त्यांची घाई असते, आणि अण्णा रोज ओठांतल्या ओठांत काही म्हणायला जातात आणि गप्प होतात. तुला काय बोलावं ते सुचणार नाही, मला माहीत आहे. काही बोलू नकोस. वेढे मोज. ओंदुपासून सुरुवात कर आणि सहाव्यावर थांब. ते सवयीने 'आरलि' म्हणतील. मग त्यांना सांग, अण्णा, अक्कांच्या वहीत आरुच होतं, मी चुकीचं वाचलं. एवढंच सांग. माझं त्यांना पटत नाही, तुझं पटेल.

आजवर शेजारणींना दुरुस्त न केलेली,
तुझीच
हेमाक्का